पहिल्याच वाक्यात काम सांग

भाऊ, तुझ्या सॉफ्टवेअरची साइट काल फोनवर उघडून पाहिली. काम मनापासून केलंयस. पण वरच लिहिलंय, 'पायथनमधली मॉड्युलर प्रणाली'. रावेरचा केळीवाला तिथूनच मागे फिरेल. त्याच्यासाठी लिही: 'केळीच्या बागेला ठिबकने रोज किती वेळ पाणी सोडायचं, ते हे सॉफ्टवेअर सांगतं. फुकट आहे, नेट नसतानाही चालतं.' पायथन खाली जाऊ दे, कोड लिहिणारे तो शोधून काढतील.

हे मला मामांनी शिकवलं. माझ्या प्रकल्पाची साइट त्यांच्या हातात दिली आणि गप्प बसलो. त्यांनी 'रिपॉझिटरी'वर, म्हणजे कोडच्या साठ्यावर, बोट ठेवलं, फायलींची रांग दिसली, आणि फोन परत दिला. डाउनलोडचं बटण तीन पानं आत होतं. त्याच रात्री ते वर आणलं. तूही असंच कर. समजावू नकोस, बोट कुठे अडतं तेवढं बघ.

चालू सॉफ्टवेअरचा एक स्क्रीनशॉट टाक. बटणाजवळच विंडोज की अँड्रॉइड ते लिही, शेवटच्या आवृत्तीची तारीखही. तारीख नसली की प्रकल्प बंद पडला असं लोक धरून चालतात.

आणि परवाना, म्हणजे तुझा कोड दुसऱ्याने कसा वापरायचा ते सांगणारा मजकूर, कुठेच दिसला नाही! कोड नुसता उघडा ठेवून तो ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळा, होत नाही. परवाना नसेल तर कॉपीराइटचे सगळे हक्क तुझ्याकडेच राहतात, दुसऱ्याला तो बदलून वाटता येत नाही. एमआयटी किंवा जीपीएलची २००७ ची तिसरी आवृत्ती, या तयार परवान्यांतला एक निवड आणि पहिल्या पानावर त्याचं नाव घाल. अहिराणीतलं पान मी लिहून देतो.