मरून समाजाला ‘पळपुटे गुलाम’ म्हणावं का?

मळ्यांवरच्या गुलामीतून निसटून डोंगरात स्वतंत्र राहिलेल्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा समाज म्हणजे मरून. जमैकातल्या या लोकांच्या वारशाबद्दलचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: या लोकांना ‘पळपुटे गुलाम’ म्हटलं तर चालेल का, की ‘आदिवासी’ बरं? आणि आपल्या मरून रंगाशी यांचा काही संबंध आहे का?

रंगाचं आधी उरकतो. संबंध नाही. रंगाचं नाव चेस्टनटच्या फळाच्या फ्रेंच नावावरून आलं. लोकांचं नाव आलं स्पॅनिश ‘सिमारॉन’वरून. हिस्पॅनिओला बेटावर मालकाकडून सुटून डोंगरात रानटी झालेल्या गुरांना तसं म्हणत, पुढे ते मळ्यांतून निसटलेल्या माणसांनाही लागलं.

‘पळपुटे’ मात्र अजिबात नको. मराठीत पळपुटा म्हणजे लढाई सोडून पाय लावून पळालेला. हे लोक लढले. कुजो या पुढाऱ्याच्या मरूनांशी १७३९ साली इंग्रजांना तह करावा लागला. नॅनी ही जमैकातल्या मरूनांची आणखी एक पुढारी आज जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. ‘पळालेले गुलाम’ हा सौम्य पर्यायही फसतो. तहाच्या वेळी यांतले कित्येक जण डोंगरातच, स्वतंत्र जन्मलेले होते. शिवाय नव्याने पळून येणाऱ्या गुलामांना मळेवाल्यांच्या हवाली करायचं, असं त्याच तहात कलम होतं. वारशाच्या लेखांत हे कलम सहसा गाळतात, तुम्ही गाळू नका. आता त्या कलमाच्या वाक्यात मरूनांनाही आणि नव्याने पळून येणाऱ्यांनाही ‘पळालेले गुलाम’ म्हणून पाहा, कोण कोणाला धरून देतंय तेच कळणार नाही.

‘आदिवासी’ची अडचण जास्त गंभीर आहे. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशातल्या सारामाका (हल्ली ते स्वतःला सामाका म्हणवतात) या मरून समाजाची कितीतरी गावं १९६०च्या दशकात अफोबाका धरणाखाली गेली. वीज हवी होती ती ॲल्युमिनियमच्या कारखान्याला. पुढे सरकार त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचे आणि खाणींचे परवाने वाटू लागलं, तेव्हा प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं. २००७च्या निकालाचा कणाच असा: हे त्या भूमीचे मूळ रहिवासी नाहीत, पण त्यांची सामूहिक जमीन, चालीरीती आणि स्वतःची व्यवस्था आहे, म्हणून मूळ रहिवाशांना मिळणारं संरक्षण त्यांनाही मिळालं पाहिजे. मोठ्या प्रकल्पांना त्यांची आगाऊ संमती हवी, हेही त्यात आलं. मराठीत या दोन्ही कल्पनांना, म्हणजे इंग्रजीतल्या ‘इंडिजिनस’ (मूळ रहिवासी) आणि ‘ट्रायबल’ला, आपण बेधडक ‘आदिवासी’ म्हणतो. इथे तसं केलं तर ‘हे आदिवासी नाहीत, तरी आदिवासी आहेत’ असा निकाल छापून येईल! पहिल्यासाठी ‘मूलनिवासी’ आणि दुसऱ्यासाठी ‘जमात’ असे दोन शब्द वेगळे ठेवा.

मग लिहायचं काय? ‘मरून’च. पण जपून, कारण मराठीत तेच ‘मरणे’चं रूप आहे. ‘दोनशे मरून डोंगरात राहिले’ हे वाक्य वाचून माणूस दचकेल. ‘मॅरून’ लिहून सुटका होईल, पण उच्चार तसा नाही. ‘मारून’ तर त्याहून वाईट. म्हणून कर्त्याच्या जागी नुसतं ‘मरून’ न ठेवता ‘मरून समाज’ किंवा ‘मरून लोक’ लिहा. ‘मरूनांनी’, ‘मरूनांचा’ या रूपांत घोळ होत नाही.

आणि जिथे नेमकं नाव ठाऊक आहे तिथे तेच वापरा: सामाका, एन्ड्युका (हाही सुरीनामचाच मरून समाज), जमैकातल्या मूर टाउनचे मरून. या मूर टाउनच्या वारशाला २००३ साली युनेस्कोने मान्यता दिली, त्यात त्यांची क्रोमांती ही विधींची भाषाही येते. ‘अबेंग’ हे त्यांचं गुराच्या शिंगाचं वाद्य. त्याला सरळ ‘शिंग’ किंवा ‘तुतारी’ करू नका. एकदा समजावून सांगा आणि पुढे अबेंगच ठेवा.

तुमच्या मजकुरात ब्राझील आलं तर तिथे ‘मरून’ही नको. तिथल्या अशा समाजांतले लोक स्वतःला ‘किलोंबोला’ म्हणतात, आणि २०२२च्या जनगणनेत याच नावाने त्यांची पहिल्यांदा वेगळी मोजणी झाली, तेरा लाखांहून जास्त.