सासूबाई बाळ सांभाळतात, पण घरात कॅमेरा लावू देत नाहीत. त्यांना कसं समजवावं?

प्रश्न सुनेचा आणि उत्तर सासूचं, चालेल ना? मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. मुलगा पुण्यात, सून तालुक्याला बँकेत, आणि दहा महिन्यांचा नातू दिवसभर माझ्या कडेवर.

‘समजवावं’ हाच शब्द मला खटकला. आधी विचारलंत का त्यांना?

मला कोणी विचारलं नव्हतं. दिवाळीत मुलानं टीव्हीच्या फळीवर एक पांढरा डबा ठेवला. म्हणाला, "आई, बाळावर लक्ष राहील." तो डबा बोलतोसुद्धा, हे तिसऱ्या दिवशी कळलं. मी पेज भरवत होते, तर फळीवरून सूनबाईचा आवाज, "आई, मीठ टाकलं का त्यात?" वाटी सांडली माझ्या हातून. (मीठ टाकलं नव्हतं.)

वेचणीवरून येताना चार बाया छपरीत टेकायच्या, पाणी प्यायच्या, नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या. एकीनं विचारलं, "काहो बाई, तुमच्या सुनेले सारं आयकू येते म्हनतात?" दुसऱ्या दिवसापासून त्या बाहेरूनच जायला लागल्या. दुपारी पाठ टेकायची तरी पदर नीट आहे ना, हे बघायचं. स्वतःच्या घरात!

मग नातू बाजेवरून पडला. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. रात्री सुनेनं मोबाइलवर ते तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तो पडला तिथेच थांबवलं. पुढे मी स्वयंपाकघरातून धावत आले, तेही त्यात होतं.

मुलगा म्हणतो, "तुझ्यावर नाही गं, बाळावर आहे." अरे, बाळ माझ्या मांडीवर आहे, तर मी कुठे जाणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ मी त्याला वाचून दाखवलं. बाई खाजगीत असताना तिला चोरून पाहणं, चित्रित करणं गुन्हा आहे. तो हसला. पण कॅमेरा त्याच रात्री पाळण्याकडे वळला, आणि त्या खोलीत मी लुगडं बदलत नाही.

तुमच्यासाठी एवढंच. कॅमेरा फक्त पाळण्यावर ठेवा. ॲपमधून माइक बंद करा. तेच ॲप सासूबाईंच्या मोबाइलमध्येही टाका, म्हणजे तुम्ही जे बघता ते त्याही बघतील. डब्यासोबत आलेला पासवर्ड आधी बदला. आणि लाईन गेली की राउटर बंद, कॅमेराही बंद. इन्व्हर्टर नसेल तर आमच्याकडे उन्हाळ्यात त्याचा भरवसा धरू नका. बाज उंच असेल तर कॅमेऱ्याच्या आधी खाली गादी टाका.

हो, लेकराला बाहेरची बाई सांभाळत असेल तर मीही कॅमेरा लावा म्हणेन. पण तिला सांगून. आणि एखादीच्या सासूला खरंच नीट दिसत नसेल, विसर पडत असेल, तर तो विषय वेगळा.

माझा मुलगा हे वाचेलच. तर बाबा, संक्रांतीच्या दुपारी हळदीकुंकवाला बाया आल्या होत्या ना, तेव्हा दोन तास लाईन गेली नव्हती. प्लग मी काढला होता.