रिकव्हरी पेनड्राइव्ह : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

रिकव्हरी पेनड्राइव्ह म्हणजे ज्यावरून बिघडलेला संगणक सुरू करून दुरुस्त करता येतो तो पेनड्राइव्ह. घरचा संगणक सुरू होईनासा झाला तर काय करायचे, याबद्दल नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळे विंडोजविषयी आहेत.

प्रश्न : नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज ११ आहे. दुकानदार म्हणाला, एक रिकव्हरी पेनड्राइव्ह करून ठेवा. शोधले तर दोन पद्धती सापडल्या, एक ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ची आणि दुसरी ‘मीडिया क्रिएशन टूल’ची. कोणती वापरू? पेनड्राइव्ह केवढा लागेल? (इंदिरानगर)

उत्तर : लॅपटॉप नवा आहे, व्यवस्थित चालतो आहे, तर रिकव्हरी ड्राइव्हच करा आणि तो याच आठवड्यात करा. तो तुमच्याच मशीनमधल्या विंडोजवरून बनतो. त्यामुळे लॅपटॉप कंपनीने घातलेले ड्रायव्हर (मशीनचे सुटे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बहुधा त्यात येतात, आणि पुढे विंडोज पुन्हा टाकताना इंटरनेट नसले तरी काम होते. मशीन बंद पडल्यावर मात्र तो बनवता येत नाही.

३२ जीबीचा, शक्यतो यूएसबी ३चा पेनड्राइव्ह घ्या, आणि बिलासह घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हवर ६४ जीबी छापलेले असते, आत जागा त्याच्या निम्मीही नसते. अशा पेनड्राइव्हवर फायली कॉपी झाल्यासारख्या दिसतात आणि ऐन वेळी उघडत नाहीत. पेनड्राइव्हवर आधीचे जे काही असेल ते पूर्ण पुसले जाणार, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी काढू नका.

स्टार्टमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ टाइप करा. पहिल्याच खिडकीत ‘बॅक अप सिस्टिम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह’ या ओळीपुढे खूण असते, ती काढू नका. काढली तर काम पाच मिनिटांत उरकते, पण त्या पेनड्राइव्हवर फक्त दुरुस्तीची साधने येतात, विंडोज पुन्हा टाकता येत नाही. खूण ठेवून हे काम तासभर किंवा त्याहून जास्त चालू शकते. टक्केवारी बराच वेळ एकाच जागी थांबलेली दिसते, तेव्हा कंटाळून रद्द करू नका. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. डेस्कटॉप असेल तर लाइट जाण्याच्या वेळा सांभाळा किंवा यूपीएसवर चालवा.

‘रिकव्हरी ड्राइव्ह तयार करता येत नाही’ असा संदेश आला, तर बहुतेक वेळा रिकव्हरीचे छोटे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) गायब किंवा बंद असते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना फक्त सी ड्राइव्ह उतरवला की हेच होते. तिथे दुसरी पद्धत कामाला येते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकण्याचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम) घ्या, त्याला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. डाउनलोड चार-पाच जीबीचे असल्याने रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते पूर्ण होणार नाही, वायफाय गाठा. हा पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्याही चालू विंडोज संगणकावर बनतो आणि घरातल्या विंडोज ११च्या सगळ्या मशीनना चालतो. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते, तीही त्यात असते. लायसन्सची की लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच असल्यामुळे सेटअप योग्य आवृत्ती सहसा आपणच निवडतो.

पेनड्राइव्ह बनवणे हे निम्मेच काम आहे. त्यावरून मशीन खरोखर सुरू होते का, हे आजच पाहा. शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्टवर क्लिक करा, निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा आणि पेनड्राइव्हच्या नावावर टिचकी द्या. ‘ट्रबलशूट’ असलेला पडदा, किंवा दुसऱ्या पद्धतीत भाषा निवडण्याचा पडदा, आला की चाचणी झाली. तिथूनच मशीन बंद करा, पुढे ‘इन्स्टॉल’ किंवा ‘रिकव्हर’ दाबू नका. ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ हा पर्याय तुमच्या फायली आणि नंतर टाकलेले सगळे प्रोग्रॅम पुसतो. पेनड्राइव्हवर फायलींची प्रत नसते, ती वेगळी ठेवावीच लागते. वर्षातून एकदा रिकव्हरी ड्राइव्ह नव्याने बनवा.

प्रश्न : विंडोजची आयएसओ फाइल उतरवून पेनड्राइव्हवर कॉपी केली. एफ१२ दाबूनही लॅपटॉप सरळ जुन्या विंडोजमध्येच जातो. पेनड्राइव्ह खराब आहे का? (सातपूर)

उत्तर : पेनड्राइव्ह चांगला असावा. आयएसओ ही एकच बंद फाइल असते. ती कॉपी केल्याने पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे मशीन सुरू करू शकणारा, होत नाही, तिच्या आतले सगळे उलगडून मांडावे लागते. हे काम मीडिया क्रिएशन टूल स्वतः करते. आयएसओ आधीच उतरवली असेल तर रूफस हा मोफत प्रोग्रॅम वापरा.

आयएसओ उघडून आतल्या फायली हाताने कॉपी करणारेही एका ठिकाणी अडतात. यूईएफआय फर्मवेअरला (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारे, आतच बसवलेले सॉफ्टवेअर) बूटसाठी एफएटी३२ स्वरूपाचा पेनड्राइव्ह लागतो, आणि एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल हल्ली त्याहून मोठी असते. रूफस यावर स्वतःच तोड काढतो. त्यात पार्टिशन स्कीम ‘जीपीटी’ आणि टार्गेट ‘यूईएफआय’ ठेवा. फार जुन्या, साध्या बायॉसच्या (यूईएफआयच्या आधीचे तसेच सॉफ्टवेअर) डेस्कटॉपला मात्र ‘एमबीआर’ लागते.

कशावरून सुरू करायचे ते निवडण्याचा ‘बूट मेन्यू’ उघडणारे बटणही कंपनीप्रमाणे बदलते. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ आहे, पण बऱ्याच मॉडेलवर ते बंद ठेवलेले असते, म्हणून आधी एफ२ने बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘एफ१२ बूट मेन्यू’ चालू करावा लागतो. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन केलेले मशीन पूर्ण बंद झालेले नसते आणि बटण दाबायची संधीच मिळत नाही. त्यासाठी रिस्टार्ट करा आणि पडदा काळा होताच बटण सोडून-दाबून मारत राहा. डेस्कटॉपला पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची वायर सैल असण्याचे प्रकार फार.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून सुरू केले तर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. मी कधीच असा पासवर्ड ठेवलेला नाही. (नाशिकरोड)

उत्तर : तुम्ही ठेवला नाही, विंडोजनेच ठेवला. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले की नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह ‘बिटलॉकर’ या सोयीने आपोआप कुलूपबंद होतो आणि की त्या खात्यात जमा होते. मोबाइलवरून त्याच खात्यात जा, ‘डिव्हायसेस’मध्ये लॅपटॉपचे नाव निवडा आणि बिटलॉकर की पाहा. एकापेक्षा जास्त दिसल्या तर पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवा. आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात.

तिथे की नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा कोणाच्या ईमेलने सुरू केला होता ते आठवा. दुकानात ‘सेट करून’ देताना दुकानदाराचे, भाच्याचे किंवा कॉलेजचे खाते वापरलेले असते आणि की तिथे पडून असते. कुठेच नसेल तर डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकता येते, पण आतला डेटा मायक्रोसॉफ्टसुद्धा काढून देऊ शकत नाही. ज्यांचा लॅपटॉप आज चालू आहे त्यांनी ही की आताच कागदावर उतरवावी आणि पेनड्राइव्हसोबत ठेवावी. बायॉसमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर खरे आहे का ते तपासणारी सोय) बदलले तरी ती मागितली जाऊ शकते.

प्रश्न : डेस्कटॉप निळ्या पडद्यावर येऊन पुन:पुन्हा रिस्टार्ट होतो. द्राक्षांच्या व्यवहाराचे सगळे हिशेब आणि घरचे फोटो त्यात आहेत. फॉरमॅटशिवाय इलाज नाही असे सांगितले. (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : फॉरमॅटला अजिबात हो म्हणू नका. आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्ती त्यानंतर. आणि हे काम घरी होते.

दुसऱ्या संगणकावर मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवा. सोबत एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा दुसरा मोठा पेनड्राइव्ह लावा. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘रिपेअर माय पीसी’ (जुन्या आवृत्तीत डाव्या कोपऱ्यात ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’), मग ‘ट्रबलशूट’ आणि ‘कमांड प्रॉम्प्ट’पर्यंत जा. काही आवृत्त्यांत मध्ये ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ लागते. काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडले की ‘फाइल’मधून ‘ओपन’, आणि खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’च्या जागी ‘ऑल फाइल्स’ निवडा. हे विसरले तर फोल्डर रिकामे दिसतात आणि डेटा गेला असे वाटून जीव घाबरा होतो. आता ‘धिस पीसी’वर या. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणूनही दिसेल. ज्यात ‘यूजर्स’ आणि तुमच्या नावाचे फोल्डर आहे, तो तुमचा.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स यातले एकेक फोल्डर उजव्या क्लिकने कॉपी करा आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा बहुधा ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात असतो, तो वेगळा आठवणीने घ्या. पेस्ट केल्यावर प्रगतीची पट्टी दिसत नाही, नोटपॅड गोठल्यासारखे होते. ते काम करत असते, बंद करू नका. मोठे फोल्डर एकदम न घेता तुकड्यांनी घ्या आणि कॉपी झालेल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यातले काहीही करू नका. मशीन बंद ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्या. चालू केल्याच्या प्रत्येक वेळी नुकसान वाढते.

डेटा सुखरूप बाहेर आल्यावर ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. नुकतेच अपडेट आले असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ने शेवटचे अपडेट काढून पाहा. एक ध्यानात ठेवा : पेनड्राइव्हवरून बूट करून फायली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवत विंडोज टाकता येत नाही. ती सोय चालू विंडोजमधून सेटअप उघडल्यावरच मिळते.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, पण एसएसडी यादीतच दिसत नाही. (गंगापूर रोड)

उत्तर : इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘व्हीएमडी’ (एसएसडी हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर घ्या, उलगडून त्याचे फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. एसएसडी लगेच दिसेल. बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही मिळेल, पण तसे केल्यास आधीची विंडोज सुरू होत नाही.

प्रश्न : विंडोज १०चा जुना संगणक आहे. त्यासाठी आता पेनड्राइव्ह करण्यात अर्थ आहे का? (पंचवटी)

उत्तर : आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी मशीन चालते आणि बिघडूही शकते. विंडोज ११ला इंटेलचा ८व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्याहून जुना असेल तर विंडोज १०चाच पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावर मार्करने ‘१०’ लिहून ठेवा, म्हणजे घाईत अकराच्या पेनड्राइव्हशी गल्लत होणार नाही.