मोर काहीच खात नाही म्हणे!

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मागच्या पावसाळ्यात सोयाबीनमध्ये मोराचं पिल्लू सापडलं, कुत्रे मागं लागले होते, लांडोरीचा पत्ता नव्हता, म्हणून घरी आणलं. भाकरीचा चुरा चारून वाढवलं, कोंबड्यातच राहायचं, लेकरांच्या मागं शाळेपर्यंत जायचं. आता वनखात्यानं प्राणिसंग्रहालयात नेलंय. फोन केला तर म्हणले, जाळीपाशी उभा राहतो, खात नाही. लेकरं रडायलीत. भेटायला जावं का? आणि रानात का सोडत नाहीत?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर: दादा, लगेच जाऊ नका. नवीन पक्षी आला की आधी त्याला वेगळं ठेवतात, विष्ठा तपासतात, वजन बघतात, रोग बाकीच्यांत जाऊ नये म्हणून. तेवढ्यात तुम्ही दिसलात की तो परत जाळीलाच चिकटणार आणि तुम्ही निघालात की पुन्हा खाणं बंद. त्यापेक्षा तिथल्या राखणदाराला फोनवर सगळं सांगा, भाकर ज्वारीची होती का बाजरीची, ताटलीत द्यायचात का जमिनीवर टाकून, काय म्हणून हाक मारायचात, हे फार कामाचं असतं बघा, कारण सुरुवातीला ओळखीचा चुरा धान्यात कालवून दिला की पक्षी चोच लावतो आणि मग चुरा हळूहळू कमी करता येतो.

रानात सोडायचं म्हणता, पण त्याला माणसाची अन् कुत्र्याची भीतीच राहिली नाही. अंड्यातून निघाल्यावर पिल्लू ज्याच्या मागं फिरतं त्यालाच आपलं समजतं, आणि तुमच्याकडं ती तुमची लेकरं होती. असा नर वयात आला की माणसापुढंच पिसारा फुलवतो, कधी माणसालाच दुसरा नर समजून पायाच्या नखांनी पिंढरीवर झेप घेतो, हे मी स्वतः पाहिलंय, गंमत नाही ती. म्हणून आता त्याला शेजारच्या जाळीतून दुसरे मोर-लांडोरी दिसत राहणं जास्त गरजेचं.

वनखात्यावर चिडू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे, घरी ठेवताच येत नाही. पुढं कधी असं पिल्लू दिसलं तर कुत्रे हाकला, लांब थांबा, लांडोर बहुतेक जवळच दडलेली असते. नाहीच आली तर वनखात्याच्या 1926 वर फोन करा.

तो इतर मोरांत मिसळून खायला लागला असं राखणदारानं सांगितलं की लेकरांना घेऊन जा, पण हाक मारू नका आणि खिशात भाकर तर अजिबात नको.