लंडनमध्ये घरून डबे विकायचे तर काउन्सिलचं लायसन्स लागतं का?
लायसन्स नाही, रजिस्ट्रेशन लागतं. धंदा सुरू करायच्या निदान 28 दिवस आधी आपल्या बरो काउन्सिलकडे (म्हणजे आपल्या भागाच्या पालिकेकडे) फूड बिझनेस म्हणून नाव नोंदवायचं, फुकट असतं आणि ते नाकारत पण नाहीत. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला आधी विचारा.

मग कधीतरी त्यांचा इन्स्पेक्टर घरी येतो, कधीकधी न सांगता, किचन बघतो, फ्रिजचं टेंपरेचर बघतो (8 डिग्रीच्या वर नको, गरम ठेवलेलं 63 च्या खाली नको) आणि 0 ते 5 रेटिंग देतो. नुसती स्वच्छता बघत नाहीत हं, कागद पण बघतात, चकाचक किचन असून नोंदी नसतील तर मार्क जातात. इंग्लंडमध्ये रेटिंगचं स्टिकर लावायची सक्ती नाही, वेल्समध्ये आहे.

आपले लोक खरे अडकतात ॲलर्जीत. ॲलर्जी होऊ शकणारे 14 पदार्थ डब्यात असतील तर गिऱ्हाइकाला सांगावेच लागतात आणि त्यात मोहरी आहे, म्हणजे आपली प्रत्येक फोडणी आली! तीळ, शेंगदाणे पण आहेत, आणि हिंगाच्या डबीवर नीट वाचा, बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं त्यात.