एक कच्चा दुवा देशाची नवोन्मेषातील झेप कशी रोखतो?

हुशार अभियंते आणि नामवंत संस्था असूनही देश नवोन्मेषात मागे का राहतो, याचे उत्तर सरासरीत नव्हे, तर सर्वांत कच्च्या दुव्यात सापडते. कारण शिक्षण, संशोधन, भांडवल आणि बाजारपेठ हे घटक एकमेकांवर विसंबून असतात, एकाची उणीव दुसरा सहसा भरून काढत नाही. आमच्या गोव्यातील खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीवरील शेतीत, बांध कितीही उंच घातला, तरी खेकड्याने पोखरलेल्या एका बिळातून भरतीचे खारे पाणी शिरते आणि उभे भात करपते. अशा वेळी माती बिळात भरायची असते, बांधाच्या माथ्यावर नव्हे.

जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत २०१५ साली ८१व्या स्थानी होता, तो २०२४ मध्ये ३९व्या स्थानी आला. ही प्रगती खरीच. पण २०२०-२१ मध्ये संशोधन-विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के होता, आणि त्यातही खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्केच. दक्षिण कोरियात हा खर्च ५ टक्क्यांच्या आसपास असून त्याचा मोठा भाग कंपन्याच उचलतात.

गोव्यात दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तर जुवारी नदीपलीकडे वेर्ण्यात औषधांचे कारखाने. तरीही सागरी जीवांपासून मिळालेला एखादा उपयुक्त रेणू गोळीपर्यंत पोचायचा, तर चाचण्या, प्रायोगिक उत्पादन आणि परवाने यांवर वर्षानुवर्षे पैसा ओतणारा कोणीतरी लागतो. तो नसेल, तर आणखी एक महाविद्यालय काढूनही (पुढाऱ्यांना उद्घाटनाची हौस असतेच) रेणू कुपीतच राहतो.