‘बायवीकली’ नको, मग काय लिहावं?

सर्व्हर साधारण दोन-तीन आठवड्यांतून एकदा बंद पडतो, हे अमेरिकेतल्या क्लायंटला इंग्रजीत कसं कळवायचं आणि ‘बायवीकली’ चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

‘बायवीकली’ अजिबात नको. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे त्याचे दोन्ही अर्थ मेरियम-वेब्स्टर कोशातच दिलेत. ‘बायमंथली’चीही तीच गत. ‘फॉर्टनाइटली’चा अर्थ (दोन आठवड्यांतून एकदा) पक्का आहे, पण तो शब्द ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे रुळलेला, अमेरिकेत फारसा चालत नाही.

‘वन्स एव्हरी टू ऑर थ्री वीक्स’ लिहा. ‘टू ऑर थ्री’मध्येच अंदाज आला, त्यामुळे पुढे आणखी ‘अबाउट’ लावू नका. आकडा एकच असेल तेव्हा ‘अबाउट’ हवं: ‘अबाउट वन्स अ मंथ’. आपल्या ‘-तून एकदा’मुळे हात आपसूक ‘वन्स इन टू वीक्स’कडे वळतो. आपल्याकडे ते सर्रास चालतं, पण अमेरिकन वाचकाला त्या दोन आठवड्यांत एकदाच घडलं, असंही वाटू शकतं. ‘एव्हरी’ घातलं की ही शंका उरत नाही.

मात्र ‘एव्हरी’मधून नियमितपणाही सूचित होतो, आणि तुमच्या बाबतीत मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ते वाचून समोरचा इंजिनिअर ठरावीक वेळी सर्व्हरवर आपोआप चालणारा एखादा जॉब, म्हणजे नेमून दिलेलं काम, शोधत बसेल. प्रत्यक्षात सर्व्हर एकाच आठवड्यात तीनदा पडला आणि मग महिनाभर नीट चालला असेल, तर सरासरी देऊच नका. तेव्हा मोजणी आणि कालावधी द्या: ‘फोर टाइम्स सिन्स मार्च 1, ॲट इरेग्युलर इंटरव्हल्स’. तारखांची नोंद असेल तर तीही जोडा.

‘ऑफन’, ‘फ्रीक्वेंटली’, ‘रेअरली’ यांवर तर विसंबूच नका. प्रत्येक वाचकाच्या मनात वेगळा आकडा येतो. युरोपात औषधांच्या माहितीपत्रकांसाठी या शब्दांना आकडे बांधून द्यावे लागले. तिथे दुष्परिणाम ‘कॉमन’ म्हणजे 100 पैकी किमान 1 जणाला, पण 10 पैकी 1 पेक्षा कमी. ‘रेअर’ म्हणजे 10,000 पैकी किमान 1, पण 1,000 पैकी 1 पेक्षा कमी. तुमच्या मेलसोबत असा तक्ता नसणार, म्हणून आकडा वाक्यातच हवा.

दिवसाआड घडणाऱ्या गोष्टीला ‘एव्हरी अदर डे’ म्हणा. ‘एव्हरी फ्यू डेज’ फक्त नोंदच ठेवलेली नसेल तेव्हा.